दोर, डोलकाठी आणि दादा

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी निघते, की जी टाकवत नाही आणि ठेववतही नाही. कोणाकडे भाता फाटलेली बाजाची पेटी असते, कोणाकडे आजोबांची तीन पायांवर उभी असलेली आरामखुर्ची असते. आमच्या घरी जहाज आहे.

वाचकांनी दचकण्याचे कारण नाही. आमची दादरची जागा पूर्वीइतकीच लहान आहे. जहाज आहे ते दोन फूट लांबीचे, सागवानी, आणि गेली बारा वर्षे ते कपाटाच्या डोक्यावर एका जुन्या सुटकेसच्या शेजारी नांगर टाकून पडले होते. त्याला तीन डोलकाठ्या होत्या; पण त्या काठ्यांना ना शीड, ना दोर. पानगळ झालेल्या तीन झाडांसारख्या त्या उभ्या असत. दर दिवाळीला आमची सौभाग्यवती स्टुलावर चढे, ओल्या फडक्याने त्याची धूळ पुसे आणि वरूनच विचारी, "या होडीचं काय ते एकदा ठरवणार आहात का?"

मी म्हणे, "होडी नव्हे, फ्रिगेट. अडतीस तोफांच्या वर्गातलं लढाऊ जहाज आहे ते."

"असेल. पण धूळ होडीइतकीच बसते."

मग ठरत काहीच नसे. कारण ठरवायचे म्हणजे पुण्याला दादाशी बोलायला हवे होते; आणि दादाशी मी बोलत नव्हतो.

हे जहाज केले आमच्या अण्णांनी. त्यांची सारी नोकरी मुंबईच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर माणसे प्रवचनाला जाऊ लागतात, नाहीतर सोसायटीचे चिटणीस होतात. अण्णांनी विलायतेहून टपालाने 'ट्रिंकोमाली' नावाच्या जहाजाचे नकाशे मागवले आणि गॅलरीत पाट टाकून बसले. आठ फुटांना एक इंच, असे त्यांचे प्रमाण. एकेक फळी तासायची, वाफेवर धरून वाकवायची, लाकडी खिळ्याने ठोकायची. हे काम किती वर्षे चालले ते मोजण्याचे आम्ही सोडून दिले होते.

या जहाजाची हकिकत सांगण्यासारखी आहे. ते मूळ इंग्रजांच्या आरमाराचे, पण जन्म मुंबईचा. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओक लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांना मलबारच्या सागवानाची आणि मुंबईच्या गोदीतल्या वाडिया घराण्याची आठवण झाली. या घराण्यातल्या लवजी वाडियांनी १७५० साली मुंबईत पहिली सुकी गोदी बांधून दाखवली होती. त्यांच्याच वंशातले जमशेटजी बमनजी वाडिया हे 'ट्रिंकोमाली'चे मुख्य बांधकामगार. तळाच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. खर्च आला तेवीस हजार पौंड.

पुढची गंमत अशी, की लढण्यासाठी बांधलेले हे जहाज पाण्यात उतरले तेव्हा नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता. पोर्टस्मथला जाताना जहाज त्या बेटापाशी सहा दिवस थांबले आणि नेपोलियनला तपासणाऱ्या एका डॉक्टरला सोबत घेऊन पुढे गेले. १८१९ साली ते विलायतेला पोहोचले. आता लढाईच नाही, तर करायचे काय? मग १८४५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते नुसते राखीव म्हणून बांधून ठेवले. पुढे समुद्रावर दोन सफरी, मग खलाशांच्या आणि पोरांच्या शिक्षणाचे जहाज. १८९७ साली ते भंगारात जायचे, पण एका हौशी गृहस्थाने विकत घेऊन वाचवले आणि त्याचे नावही बदलले. १९८६ पर्यंत पोरे त्याच्यावर शिकत होती. १९८७ साली ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आणले गेले, तिथे त्याची डागडुजी २००१ पर्यंत चालली, आणि मध्यंतरी १९९२ साली त्याला मूळ नाव परत मिळाले. आज पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत तेच सर्वांत जुने. नेल्सनची 'व्हिक्टरी' त्याच्याहून बावन्न वर्षांनी वडील आहे खरी. पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत उभी आहे.

अण्णा म्हणायचे, "ओकात आंबटपणा असतो, तो लोखंड खातो. सागात तेल असतं, ते लोखंड सांभाळतं." त्यांच्या प्रतिकृतीला साग मिळाला तो आमच्या कोकणातल्या घराच्या तुळईचा. एका पावसाळ्यात घराची एक बाजू खचली, तेव्हा बदललेली तुळई त्यांनी एसटीच्या टपावर टाकून मुंबईला आणली होती.

जहाजाचा सांगाडा झाला, पाटण झाले, तोफा झाल्या, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. आणि दोरकामाला हात घालण्यापूर्वीच अण्णा गेले.

त्यांच्या मागे आम्ही तिघे. थोरला दादा पुण्याला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला, मधला मी, आणि धाकटी शकू ठाण्याला. कोकणातले घर ठेवायचे की विकायचे, हा प्रश्न निघाला. मी विका म्हणालो, दादा ठेवा म्हणाला. बोलताना तो एक शब्द जास्त बोलला, मी दोन बोललो. शेवटी घर विकले गेले, पैशांचे तीन सारखे वाटे झाले, आणि बोलणे मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही. जहाज माझ्याकडे राहिले, अण्णांची कागदपत्रे दादाकडे गेली.

याचा भुर्दंड पडला शकूला. बारा वर्षे तिने भाऊबीज दोनदा केली. सकाळी आमच्याकडे ओवाळायचे, पदराला हात पुसायचे आणि दुपारची गाडी पकडून पुण्याला जायचे. तक्रार तिने कधी केली नाही. फक्त गेल्या वर्षी चपला घालताना म्हणाली, "यंदा गुडघा फार दुखतोय रे."

ते वाक्य गेल्यावर मी कपाटाकडे पाहिले. दादाला फोन करण्याचे धैर्य नव्हते. तेव्हा ज्याला धैर्य लागत नाही असे काम मी हाती घेतले. जहाज खाली काढले आणि दोरकाम पुरे करायचे ठरवले.

वाचकहो, ज्याला धैर्य लागत नाही असे काम जगात नाही, हे मला आठ दिवसांत कळले.

आधी दोरा. भुलेश्वरच्या एका दुकानात मी काळा आणि बदामी असा दोन रंगांचा बारीक दोरा मागितला. दुकानदाराने विचारले, "कशाला हवा? गजऱ्याला?" मी म्हणालो, "जहाजाला." त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि पुढचा प्रश्न हिशेबाच्या वहीकडे बघत विचारला, "किती जहाजं आहेत?"

काळा कशाला आणि बदामी कशाला, तेही सांगतो. शिडाच्या जहाजावर दोर दोन जातींचे असतात. एक उभे दोर. हे डोलकाठ्या धरून ठेवतात, एकदा आवळले की जागचे हलत नाहीत, म्हणून डांबर लावून काळे केलेले असतात. दुसरे चालते दोर. हे कप्प्यांमधून फिरतात. शिडे आणि शिडांच्या आडव्या काठ्या वरखाली करायला, डावीउजवीकडे वळवायला त्यांचा उपयोग. ते हातात खेळवायचे, म्हणून उघड्या रंगाचे. या आडव्या काठ्यांना मी सोयीसाठी आडकाठ्या म्हणू लागलो, आणि त्यांनी नाव सार्थ केले.

दोरा घरी आणून पाहतो तो त्याच्यावर ही लव! भिंगातून तो सुरवंटासारखा दिसत होता. आठ फुटांच्या जागी एक इंच धरला, तर त्या दोरावर वीतभर केस उगवले होते. मी डोक्याला हात लावला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आली, दोरा बोटांत फिरवला आणि म्हणाली, "मेणातून काढा की. माझी आई गोधडीचा दोरा तसाच काढायची." मधमाशांच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढल्यावर दोरा असा गुळगुळीत झाला, की मला स्वतःच्या शिक्षणाची शरम वाटली.

मग मी डोलकाठ्यांकडे वळलो. पाहतो तर तिन्ही काठ्या भोकांत नुसत्या उभ्या होत्या, हात लावला की डुगडुगत. अण्णा डिंक लावायला विसरले असणार, म्हातारपण, असे म्हणून मी मधल्या, सर्वांत उंच काठीच्या बुंध्याशी पांढरा डिंक चांगला भरपूर ओतला. दुसऱ्या दिवशी उत्साहाने उजव्या बाजूचे सगळे दोर एकापाठोपाठ एक ताणून बांधून टाकले. काम इतके झपाट्याने झाले, की उरलेला दिवस मी शेजाऱ्यांना दाखवण्यात घालवला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले. मी म्हणालो, "काय बघताय?" ते म्हणाले, "सरळ दिसतंय का ते बघतोय."

काठी उजवीकडे झुकली होती. डावीकडचे दोर ओढून ती सरळ करावी, तर ती मधोमध वाकली. कारण बुंधा डिंकाने वाकडाच धरून ठेवला होता. वरचे सरळ करावे तर खालचे तुटेल, आणि सोडून द्यावे तर अण्णांची वीस वर्षांची मेहनत तिरकी होऊन कपाटावर परत जाईल. त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णांनी दोरकामाची एक वही केली होती हे मला ठाऊक होते. ती कोठे आहे हेही ठाऊक होते.

रविवारी सकाळी मी फोन केला.

"कोण?"

"मी."

पलीकडे कुकरची शिटी झाली. ती संपेपर्यंत दोघेही थांबलो.

मी म्हणालो, "अण्णांची दोरकामाची वही तुझ्याकडे आहे का? जहाज पुरं करतोय."

बराच वेळ काही नाही. मग दादा म्हणाला, "डोलकाठ्यांना डिंक लावला नाहीस ना?"

"लावला."

"किती काठ्यांना?"

"एकाच."

"बाकीच्यांना हात लावू नकोस. मी येतो."

बारा वर्षांनंतरचे आमचे संभाषण एवढेच. तो पुढच्या रविवारी आला. एका हातात बाकरवडीचा पुडा, दुसऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. दारातच सौभाग्यवतीने वाकून नमस्कार केला, तो म्हणाला, "बरी आहेस ना?" आणि माझ्याकडे न बघता सरळ जहाजापाशी जाऊन बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "गरम पाणी आणि कापूस."

दोन तास आम्ही त्या बुंध्याला शेक देत होतो. गरम पाण्याचा बोळा ठेवायचा, डिंक मऊ झाला की टाचणीने खरवडायचा, पुन्हा बोळा. एखाद्या लहान मुलाच्या गळवाला करावे तसे. शेवटी काठी सुटली, डुगडुगली, आणि आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

मग दादाने वही उघडली. पहिल्याच पानावर अण्णांच्या त्या सरळ, नकाशावरच्यासारख्या अक्षरात लिहिले होते: 'डोलकाठ्यांस डिंक लावू नये. दोरच धरतात.'

या चार शब्दांत सगळे दोरकाम आहे. डोलकाठी उभी राहते ती तिच्या पायातल्या बळाने नव्हे. पुढून एक जाड दोर तिला नाळेकडे ओढतो. दोन्ही कुशींकडून दोरांच्या जोड्या तिला बाजूला आणि थोड्या मागे ओढतात. सगळेच ओढतात, प्रत्येक जण आपल्याकडे ओढतो, आणि ओढ सारखी असली म्हणजे काठी सरळ राहते. एक जरी सैल पडला, तरी दुसरा बिचारा काही दोष नसताना तिला वाकडी करतो. म्हणून दोर चढवायचे तेही क्रमाने. पहिली जोडी उजवीकडची, मग डावीकडची, पुन्हा उजवीकडची. एक बाजू संपवून दुसरीकडे वळणे हे अडाण्याचे काम, म्हणजे माझे.

त्याच्याही आधी नाळेवरची पुढे झेपावलेली तिरकी काठी पक्की बांधायची, कारण पुढच्या डोलकाठीचे दोर तिलाच अडकवलेले असतात, आणि मधल्या डोलकाठीच्या वरच्या भागाचा दोर पुढच्या डोलकाठीला. दादा म्हणाला, "एक गेली की रांगेने सगळ्या जातात. 'जावा'चं तसंच झालं."

"कुठली जावा?"

दादा इतिहासाचा मास्तर. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "या 'ट्रिंकोमाली'चे पहिले नकाशे मुंबईला निघाले होते ते 'जावा' नावाच्या जहाजातून. १८१२ साली ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाने तिला गाठलं. गोळ्यांनी आधी नाळेवरची काठी मोडली, मग पुढची डोलकाठी गेली, मग मधलीचा शेंडा, मग मागची. जहाज गेलं, नकाशेही गेले. दुसरे पाठवावे लागले. आणि ते 'कॉन्स्टिट्यूशन' अजून बॉस्टनला पाण्यावर आहे."

"म्हणजे नकाशे बुडवणारं जहाज आणि ज्याचे नकाशे बुडाले ते जहाज, दोन्ही अजून तरंगतायत?"

"दोन्ही," दादा म्हणाला. "भांडणारे बरेचदा दीर्घायुषी असतात."

सौभाग्यवतीने आतून मुद्दाम भांडे वाजवले. आम्ही वहीत तोंड खुपसले.

दुसऱ्या पानावर लिहिले होते: 'ताण दोन्हीकडून सारखा. एका माणसाचे काम नाही.' आम्ही दोघांनी ते वाचले. दादा घसा खाकरून म्हणाला, "अण्णा दोरांबद्दलच लिहितायत."

"अर्थात," मी म्हणालो.

पण ते खरेच एका माणसाचे काम नव्हते. प्रत्येक दोराच्या टोकाला तीन भोकांची लाकडी चकती असते, वाटाण्याच्या डाळीएवढी. तिच्या खाली जहाजाच्या कुशीला तशीच दुसरी चकती. दोघींच्या भोकांतून बारीक दोरी ओवून ती हळूहळू ओढली, की वरचा दोर ताणला जातो. एकाने काठीच्या शेंड्यावर बोट ठेवून ती ओळंब्यात धरायची, दुसऱ्याने दोरी ओढायची. "अजून थोडं." "बास." "किंचित सोड." सगळ्या चकत्या एका रांगेत याव्यात म्हणून दादाने सौभाग्यवतीच्या आकड्याची तार वाकवून एक माप केले. तिने ओवायला क्रोशाची सुई दिली. संध्याकाळच्या गाडीपर्यंत उजवीकडे दोन जोड्या आणि डावीकडे दोन जोड्या झाल्या. उंबरठ्यावर दादा म्हणाला, "पंधरा दिवसांनी येतो. एकट्याने काही करू नकोस." वही मात्र तो परत घेऊन गेला. माझ्यावर त्याचा अजून तेवढा विश्वास बसला नव्हता.

असे आमचे रविवार सुरू झाले. उभे दोर झाले, मग दोरांच्या शिड्या आल्या. खलाशांना वर चढता यावे म्हणून उभ्या दोरांना आडवी पातळ दोरी बांधतात. जिथे दोरी दोराला भेटेल तिथे दुहेरी वेढ्याची गाठ. आमच्या प्रमाणात एक पायरी साडेतीन मिलिमीटरची. मोठ्या डोलकाठीच्या एकेका बाजूला दोनशेच्या वर गाठी! पायऱ्या सारख्या याव्यात म्हणून सौभाग्यवतीने रेघा आखून एक कागद दिला, तो दोरांमागे धरायचा. यातही एक मेख आहे. गाठ जोराने आवळली की कडेचे दोर आत खेचले जातात आणि शिडीला परकर नेसलेल्या मुलीसारखी कंबर येते. पहिली शिडी तशी झाली. उसवली. दुसरीही उसवली. तिसऱ्या वेळी दादा म्हणाला, "घट्ट नको रे. नुसती ठेव. तिची ती बसते."

एका रविवारी दादा आला तो जरा गप्प होता. मी विचारले. म्हणाला, "गाडी खडकीवरून येते. तुझं जहाज पाण्यात उतरलं १२ ऑक्टोबरला, आणि खडकीची लढाई ५ नोव्हेंबरला. त्याच सालची. मधले दिवस चोवीस. इकडे मुंबईत इंग्रजांच्या जहाजाला हार घालतायत, तिकडे पेशवाईचा शेवट सुरू होतोय. मी हे अण्णांना सांगितलं होतं. म्हटलं, असलं जहाज घरात कशाला करता?"

"मग?"

"ते पॉलिश पेपर घासत होते. म्हणाले, 'लढाया सुताराला विचारून होत नाहीत. त्यानं फळी नीट बसवली का, एवढंच मी बघतो.'" दादा थोडा वेळ थांबला. "तेव्हा मला ते पटलं नव्हतं. अजून पुरतं पटत नाही. पण दोनशे वर्षं फळी टिकली, हे खरं."

मग त्याने जहाजाच्या कुशीवर, तोफांच्या ओळीच्या जरा खाली, बोट टेकवले. तिथे लाकडात एक गोल काळसर ठिगळ होते. मी ते शेकडो वेळा पाहिले होते आणि गाठ समजत होतो.

"ही गाठ नाही," दादा म्हणाला. "ही तुळई माजघरातली. इथे पाळण्याची कडी होती. मी, तू, शकू, सगळे इथेच टांगलेले होतो. अण्णांनी भोक बुजवलं, पण तो तुकडा टाकला नाही. म्हणून मी घर विकू नका म्हणत होतो. तुला वाटलं, मला एकट्याला हवंय."

मी गाठ मारत होतो ती तशीच राहिली. बारा वर्षे जे सांगितले नव्हते ते मी खाली बघूनच सांगितले. त्या वर्षी हिचे ऑपरेशन होते. खर्च मोठा होता. धाकट्याने थोरल्यापुढे हात कसा पसरायचा, म्हणून मी घर विका म्हणालो आणि कारण मात्र सांगितले नाही. "तुला वाटलं, मला पैशाची हाव सुटली."

दादाच्या बोटांतला दोर सैल पडला. काठी किंचित माझ्याकडे झुकली.

"धर ना," मी म्हणालो.

"धरलंय," तो म्हणाला. पण त्याने दुसऱ्या हाताने चष्मा काढला होता, आणि चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नाही. आत कुकर नव्हता, भांडी वाजत नव्हती. सौभाग्यवती दारात उभी होती. ती म्हणाली, "चहा टाकते," आणि गेली. दादा तिच्या पाठीकडे बघून मला हळूच म्हणाला, "मला सांगायचंस रे. मी भांडलो असतो, पण दिले असते."

त्या दिवशी गाठी सातच झाल्या. पण उसवाव्या लागल्या नाहीत.

गणपती झाल्यावर चालते दोर संपले. प्रत्येक दोर कप्पीतून काढून काठाच्या ठरलेल्या खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळायचा. कारण खऱ्या जहाजावर काळोख्या रात्री, वादळात खलाशाचा हात न बघता त्याच खुंटीवर पडला पाहिजे. शिडे आम्ही लावली नाहीत. शिडे लावली की दोर झाकले जातात, आणि एवढ्या गाठी झाकायला आम्ही काही मारल्या नव्हत्या.

शेवटची गाठ झाल्यावर दादाने वही मिटली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "ही आता इथेच राहू दे. एक सांगू? अण्णा गेल्यावर मी ही वही पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचली. वाटलं होतं, आपल्या दोघांसाठी कुठेतरी काही लिहिलं असेल. काही नाही. दोऱ्याची जाडी, कप्प्यांची संख्या, मेणाचा भाव. एवढंच."

तो गेल्यावर मीही ती चाळली. खरेच, दुसरे काही नाही. फक्त शेवटच्या पानावर कामाची एक सूचना आहे: 'नवा दोर ताणला जातो. शिवाय पावसाळ्यात आखडतो, थंडीत सैल पडतो. एकदा बांधून भागत नाही. दर सहा महिन्यांनी दोघांनी बसून पुन्हा बघावा.'

मी पुण्याला फोन करून ते वाचून दाखवले. दादा म्हणाला, "अण्णा दोरांबद्दलच लिहितायत."

"अर्थात," मी म्हणालो. "मग कधी येतोस?"

जहाज आता कपाटावर नाही. बाहेरच्या खोलीत, टीव्ही होता त्या जागी आहे. टीव्ही कोठे ठेवायचा हा प्रश्न आमच्या घरी अजून पेटलेला आहे, पण तो आमचा आम्ही सोडवू. यंदाच्या भाऊबिजेला दादा सहकुटुंब इकडे येणार आहे. शकूला कळवले तेव्हा ती फोनवर बराच वेळ बोलली नाही. मग नाक ओढून म्हणाली, "म्हणजे एकाच ताटात दोघांना ओवाळायचं? ओवाळणी मात्र दोन हव्यात हं. आणि पुण्याच्या गाडीचं भाडं वाचलं, ते वेगळं."

ती तिला मिळेल. बारा वर्षांच्या भाड्यासकट.